दप्तर ऑडिटला गेलंय

वाचकहो, एक प्रश्न विचारूनच सुरुवात करतो. आपल्या गावच्या ग्रामसभेला तुम्ही शेवटचे कधी गेला होता? आठवत नसेल तर संकोच नको. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत आणि मीही फार वर्षे त्यांतलाच होतो. काही वर्षांपूर्वी एका पंधरा ऑगस्टला मात्र मी गावी होतो. पाऊस उघडला होता, झेंडावंदन आटोपले होते, पोरे खाऊ घेऊन पसार झाली होती. करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून शाळेच्या पडवीत जाऊन बसलो.

दारातच एका शिपायाने रजिस्टर पुढे केले. म्हणाला, "सही करा." पाहतो तो वर पान कोरे आणि खाली सह्यांची रांग. "अहो, सभा व्हायची आहे अजून," मी म्हटले. तो हसला. "ठराव मागनं लिहित्यात भाऊसाहेब. जागा सोडलीया."

सभा सुरू झाली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झाले, म्हणजे कुणीतरी "कायम" म्हणाले. मग मागच्या रांगेतून एक साठीच्या मावशी उठल्या. पदर सावरत त्यांनी ग्रामसेवकांना विचारले, "भाऊसाहेब, आमच्या आळीत पाइप पुरून दोन वर्सं झाली. नळाला टिपूस न्हाई. पैसं तर खर्ची पडलं म्हणता. मग ते गेलं कुठं?"

सभा क्षणभर गप्प झाली. सरपंच म्हणाले, "मावशी, चौकशी करू." आणि ग्रामसेवक अगदी शांतपणे म्हणाले, "दप्तर ऑडिटला गेलंय तालुक्याला. आल्यावर दाखवतो." मावशी बसल्या. चहा आला.

आता यात ग्रामसेवकांचे काही चुकले असे कुणालाच वाटले नाही. दप्तर ऑडिटला जातच असते. पण माझ्या मनात ते उत्तर घर करून राहिले. मावशींचा प्रश्न सरळ होता, धीटही होता. त्याला उत्तर द्यायला लागणारी वस्तू तेवढी त्या पडवीत नव्हती. लोकांनी कारभाऱ्यांना प्रश्न विचारल्याचा इतिहास आपण बहुधा वक्त्यांच्या अंगाने सांगतो: अमका कसा गरजला, तमक्याने कसे खडसावले. मला तो एकदा दप्तराच्या अंगाने सांगून पाहायचा आहे.

जुन्या गावगाड्याची आठवण काढून उसासे टाकणारे लोक आहेत. चावडी होती, पाटील होता, तंटा निघाला की गोतसभा बसे, महजर होई, साक्षीदारांच्या निशाण्या पडत. हे खरे आहे. पण गावाचा वसूल किती, बाकी किती, कुणाच्या नावावर काय, हे सगळे कुलकर्ण्याच्या घरी रुमालात बांधलेले असे आणि तेही मोडीत. ती वाचता येणारी घरे गावात मोजकी. बलुतेदाराने प्रश्न विचारायचा तरी कशाच्या आधारावर? आणि ज्याला चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागे त्याने तर विचारायचाच नाही. तेव्हा जुनी पंचायत ही लोकशाही होती असे कुणी म्हणू लागला की मी त्याला एवढेच विचारतो, काय हो, रुमाल कुणाच्या घरी होता?

इंग्रजी अमदानीत शहरे वाढली, नगरपालिका आल्या, आणि घरपट्टी भरणारा नावाचा एक नवा माणूस तयार झाला. पैसे त्याचे जात होते, म्हणून हिशेबाची आच त्याला लागली. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिचे मूळही एका हिशेबातच आहे. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या, त्या मांडायच्या कुणी आणि कोणत्या अधिकाराने, हा सवाल निघाला. त्यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. जो कुणी सभासद होईल त्याने निदान पन्नास लोकांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे. पहिल्या ९५ सभासदांनी अशी सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारी आणली. 'तू कोण विचारणारा?' या प्रश्नाला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी कागदानेच उत्तर दिले होते.

पण खरा रंगलेला फड मुंबईचा. तो जरा सविस्तर सांगतो.

१८६५ च्या कायद्याने मुंबई शहराचा कारभार जस्टिस ऑफ द पीस या मंडळींकडे सोपवला होता. हे जे. पी. लोक सरकारने नेमलेले. त्यांत बडे व्यापारी, शेठ, वकील, अंमलदार. कारभार चालवणारा कमिशनरही सरकारनेच नेमायचा. पहिला कमिशनर झाला आर्थर क्रॉफर्ड. माणूस कर्तबगार, यात शंका नाही. शहर घाणीने बुजले होते, त्याने गटारे बांधली, रस्ते रुंद केले, मटण-भाजीचा उघड्यावरचा बाजार उचलून १८६९ साली मोठी मंडई उभी केली. तिला लोक पुढे क्रॉफर्ड मार्केटच म्हणू लागले. पण वेळ कोणती? अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळलेला, १८६५ च्या शेअरबाजाराच्या दिवाळ्यात मुंबईची निम्मी पेढी-दुकाने होरपळलेली. अशा वेळी क्रॉफर्डसाहेब मंजुरीची वाट न पाहता खर्च करीत होते आणि पट्ट्या चढत होत्या.

क्रॉफर्डने पैसे खाल्ले असा तेव्हाचा आक्षेप नव्हता. (लाच घेतल्याच्या आरोपावरून त्याची गाजलेली चौकशी झाली ती पुढे, १८८८ मध्ये, तो मध्य विभागाचा कमिशनर असताना, ते प्रकरण वेगळे.) १८७१ चा आक्षेप साधा होता. खर्च कुणाला विचारून केला? आणि जे. पी. मंडळींनी वेळेवर हिशेब का पाहिला नाही?

लोकांनी सभा भरवल्या, अर्ज केले. नवरोजी फर्दुनजी हे त्या चळवळीतले जुने, न थकणारे गृहस्थ. जून १८७१ मध्ये फोर्ब्स नावाच्या जे. पी. ने बेंचपुढे कमिशनरच्या उधळपट्टीविरुद्ध ठराव आणला. सगळे शहर क्रॉफर्डच्या नावाने खडे फोडत होते. तेव्हा अवघ्या पंचविशीतला एक बॅरिस्टर उभा राहून म्हणाला, दोष एकट्या कमिशनरचा नाही. ज्यांनी हिशेब पाहायचा त्यांनी तो पाहिला नाही, कारण ते लोकांना जबाबदारच नाहीत. हा तरुण म्हणजे फिरोजशहा मेहता. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला त्याने फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून आपला तोडगा मांडला. कमिशनरच्या हातचे अधिकार काढू नका, पण त्याच्यावर देखरेख करणारी माणसे करदात्यांनी निवडून दिलेली असू द्या. त्याचे म्हणणे त्या दिवसांत लोकांना रुचले नाही. संतापलेल्या माणसाला साहेब हवा असतो, पद्धत नको असते. हे तेव्हा खरे होते, आजही फारसे बदललेले दिसत नाही.

आणि तरी १८७२ चा कायदा झाला तो पुष्कळसा त्याच वाटेने. कॉर्पोरेशनचे ६४ सभासद. १६ सरकारने नेमलेले, १६ जे. पीं. नी निवडलेले आणि ३२ करदात्यांनी निवडलेले. शिवाय नगराच्या पैशाचा विनियोग नीट होतो की नाही हे पाहायला १२ जणांची टाउन कौन्सिल. चळवळ हिशेबाची होती, तिचे फळही हिशेब पाहणारी समिती हेच होते! पण मत कुणाला? वर्षाला ५० रुपये पट्टी भरणाऱ्याला. मुंबईची वस्ती तेव्हा साडेसहा लाखांच्या घरात आणि मतदार काही हजार. गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, घाटावरून आलेला पाटीवाला यांना दप्तराचे दार बंदच राहिले.

या बंद दाराविषयी बोलणारा माणूस पुण्यात होता. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी शहर शृंगारायला एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. पुढे पुण्यात मोठी मंडई बांधायचे निघाले तेव्हाही त्यांनी तोच हेका धरला. इमारतीवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा शाळा काढा. मंडई झालीच. १८८६ मध्ये ती उघडली आणि गव्हर्नरांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना तिला नाव दिले गेले महात्मा फुले मंडई. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे जोतीरावांचेच नाव मिळाले. एक बाजार हिशेबाच्या भांडणातला, दुसऱ्याच्या खर्चाला त्यांनी स्वतः नको म्हटलेले. दोहोंच्या दारावर आज त्यांचेच नाव आहे. जोतीरावांना हे कळते तर ते काय म्हणाले असते, याची कल्पना तुम्हीच करा.

शहरातून पुन्हा खेड्याकडे वळू. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचे बिल चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. प्रौढ मताधिकार नाही, अस्पृश्यांना खात्रीचे प्रतिनिधित्व नाही, अशा पंचायतींच्या हाती न्यायनिवाडा द्यायचा म्हणजे दुबळ्याला बळकटाच्या दारात बांधणे, असा त्यांचा रोख होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीतही त्यांनी खेड्याच्या गोडव्यावर कोरडे ओढले. पुष्कळांना ते झोंबले, आणि त्याच महिन्यात पंचायतींविषयीचे ४० वे कलम घटनेत आले. दोघांचेही ऐकले गेले असे मी म्हणेन. पंचायत आली, पण ती आली प्रत्येक प्रौढाच्या मतावर उभी राहून.

मग १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. या कायद्यात ग्रामसभेचे जे कलम आहे ते एकदा अवश्य वाचा, रुक्ष आहे म्हणून सोडू नका. आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेपुढे पंचायतीने काय ठेवायचे? वर्षाचा जमाखर्च, मागल्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षाची विकासकामे, आणि शेवटच्या लेखापरीक्षणातले आक्षेप व त्यांना दिलेली उत्तरे. म्हणजे पाहा, दप्तर ऑडिटला जाते हे कायद्यालाही ठाऊक आहे. तो म्हणतो, जाऊ द्या. पण तिथून येताना जे आक्षेप घेऊन येईल ते लोकांपुढे वाचा. आमच्या गावी ते वाचलेले मी कधी ऐकले नव्हते.

पुढच्या पायऱ्या भराभर सांगतो. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. आता ग्रामसभेची गणपूर्ती शंभर माणसांची किंवा मतदारांच्या १५ टक्क्यांची, यांतला जो आकडा कमी असेल तो. ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायची असते. हे सगळे चांगले आहे. पण एक पळवाटही आहे, ती खेड्यातल्या कारभाऱ्यांना तोंडपाठ असते. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब करायची. तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. मग चार डोकी बसवून जो पाहिजे तो ठराव.

इथे मला तुम्हाला थोडे दूर, राजस्थानात न्यायचे आहे. दप्तराची गाठ सुटली ती तिथे आणि ती सोडवली शेताबांधावरच्या माणसांनी. राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी गावी अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी राहत होती. १ मे १९९० रोजी त्यांनी आणि तिथल्या कष्टकऱ्यांनी मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन केली. दुष्काळी कामांवर मजुरी पुरी मिळत नव्हती. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी खडी फोडली आहे त्यांना हे काय असते ते सांगायला नको. मजूर विचारी, पैसे कमी का? उत्तर मिळे, तुम्ही काम कमी केलेत, मस्टरवर तसे लिहिले आहे. मस्टर दाखवा म्हटले की, ते सरकारी कागद आहेत, दाखवता येत नाहीत! इंग्रज गेला, राजे गेले, रुमाल मात्र बांधलेलाच होता.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यात कोट किराणा या गावी पहिली जनसुनावणी झाली. एका सहृदय अधिकाऱ्याच्या मदतीने काही मस्टर आणि बिलांच्या नकला हाती लागल्या होत्या. सभेत भाषण असे काही झाले नाही. कागद मोठ्याने वाचून दाखवला, एवढेच. अमक्याने इतके दिवस काम केले, त्याला इतकी मजुरी दिली. आणि तो अमका समोर बसलेला! तो उठून म्हणे, मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. ज्या माणसाला अक्षर ओळखत नव्हते त्याला आपले नाव कागदावर कुणी, कशासाठी लिहिले हे त्या दिवशी कानांनी कळले.

नीट पाहा, इथे काय उलटे झाले ते. नेहमीच्या सभेत लोक प्रश्न विचारतात आणि कारभारी उत्तर देतो, आणि ते खरे की खोटे हे ताडायला लोकांजवळ काही नसते. इथे आधी कागद बोलला, लोकांनी त्याला उत्तर दिले, आणि प्रश्न आपोआप कारभाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. मुंबईच्या शेठ-बॅरिस्टरांना १८७१ मध्ये जे हवे होते तेच हे. फरक इतकाच की इथे ५० रुपये पट्टीची अट नव्हती.

१९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर गावात ही मंडळी हिशेबाच्या नकलांसाठी धरणे धरून बसली, ती ४० दिवस. बाजारातल्या लोकांनी धान्य दिले, भाजी दिली. त्यातून राजस्थानात पंचायतीचे कागद लोकांना मिळण्याची वाट निघाली. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारे यांनी २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केले, आणि सगळ्या देशासाठीचा माहिती अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पुरता लागू झाला. आपल्याकडे अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, नकलेला पानामागे दोन रुपये द्यायचे, तीस दिवस वाट पाहायची. दीडशे वर्षांच्या भांडणाची किंमत तशी स्वस्तच म्हणायची.

शहरवाल्यांनी मात्र फार खूश होऊ नये. खेड्यात निदान ग्रामसभा आहे. शहरात राहणाऱ्याला आपल्या नगरसेवकाला समोर बसवून विचारता येईल अशी सभा कुठे आहे? २००९ मध्ये राज्याने शहरांसाठी क्षेत्रसभेचा कायदा केला, पण अशी सभा आपल्या वॉर्डात भरलेली पाहिली असे सांगणारा मला अजून भेटायचा आहे. ज्या मुंबईने १८७१ मध्ये निवडलेल्या सभासदांसाठी एवढा दंगा केला, तिथल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ सगळा कारभार एकट्या प्रशासकाने पाहिला. पट्टी भरणारे तेवढा काळ पट्टी भरत होते.

राहता राहिल्या आमच्या मावशी. त्या पंधरा ऑगस्टनंतर त्यांचा कॉलेजात जाणारा नातू माझ्याकडे आला आणि आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. महिना उलटून गेल्यावर पाइपाच्या कामाचे बिल आणि मोजमाप पुस्तकाची नक्कल हाती आली. नातवाने ओसरीवर बसून ती आजीला वाचून दाखवली. मोजमापात पाइपाची लांबी लिहिली होती. मावशींनी ती दोनदा विचारली, मग चपला घातल्या आणि आळीच्या तोंडापासून शेवटच्या घरापर्यंत पावले मोजत गेल्या. आळी पाइपापेक्षा बरीच लहान भरली.

पुढच्या सभेला पडवीत बसायला जागा नव्हती. दप्तरही आले होते. मावशी उठल्या, आणि या वेळी त्यांनी पैसे कुठे गेले असे विचारलेच नाही. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमचं पुस्तक म्हणतंय तेवढी आमची आळी लांबच न्हाई. उरलेली पाइप पुरली कुणाच्या अंगणात, तेवढं सांगा." सरपंचांनी ग्रामसेवकांकडे पाहिले, ग्रामसेवकांनी पुस्तकाकडे. मग सभा तहकूब झाल्याचे जाहीर झाले. शिपायाने सह्यांचे रजिस्टर पुढे आणले तेव्हा नातवाने त्याच्या हातातून पेन घेतले आणि वरच्या कोऱ्या जागेत आजीचा प्रश्न जसाच्या तसा लिहून काढला. त्याखाली मावशींनी अंगठा उठवला, आणि मग आम्ही बाकीच्यांनी सह्या केल्या.